म्हशीसाठी राखलेला आवाज

"आबांचा फोन भरला," आईनं फोनवर सांगितलं.

"भरला म्हणजे? फोन हाय का घागर हाय?" मी गडहिंग्लजला माझ्या दुकानात होते, झेरॉक्सला माणसं खोळंबलेली, आणि आईचं बोलणं नेहमी असंच मधूनच कुठूनतरी सुरू होतं.

"भरला म्हणून त्योच सांगतोय. लाल अक्षरात लिवून येतंय. ह्यांनी त्याला हात लावायचा सोडलाय. जेवत बी न्हाईत धड. तू ये."

"रविवारी आलो," मी म्हटलं. आमच्याकडं बायकासुद्धा आलो-गेलोच म्हणतात. पुण्याच्या माझ्या जावेला ते अजून खटकतं. खटकू दे.

एका फोनासाठी म्हाताऱ्यानं जेवण सोडावं, हे ऐकणाऱ्याला खुळ्यासारखं वाटेल. पण त्या फोनात आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, आवाज होता, आणि आता तो फक्त तिथंच होता.

आमचं गवळ्याचं घर. कोल्हापुरात पेठेतल्या गल्लीत पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. माझ्या लहानपणी गोठ्यात दाव्याला दावं लागलेलं असायचं, इतक्या म्हशी. रोज संध्याकाळी आबा म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर नेऊन उभ्या करायचे. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यात धार पडायची, वर बोटभर फेस. तालमीतून आलेली पोरं, ऑफिसातून सुटलेले साहेब, सगळे तिथंच ओठावरचा फेस पुसत गप्पा हाणत उभे. कट्ट्यावरच्या म्हशीचं दूध एका दमात काढून मोकळं होता येत नाही. गिऱ्हाईक येईल तसं तिला पुन्हा पुन्हा राजी करावं लागतं. ती राजी झाली की पान्हा सोडते, म्हणजे सडात दूध उतरवते. नाही झाली तर वर चढवून धरते आणि मग तुम्ही कितीही ओढा, थेंब मिळायचा नाही. तर तिला राजी करायचं काम आबांच्या आवाजाचं होतं.

आणि आवाज तरी कसला! आबा कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीला कळायचं. "हो हो हो हो... सोड गं माझी बाय... सोड, सोड... आली बघ, आली..." हे सुरू झालं की आई चहाचं आधण ठेवायची. फोनवर तर विचारूच नका. लांबच्या माणसाशी बोलायचं म्हणजे लांब ऐकू जाईल असं बोलायचं, एवढा त्यांचा साधा हिशोब. मी म्हणायचे, "आबा, फोनाला कशाला पैसे घालवताय, नुसतं दारात उभं राहून बोला, गडहिंग्लजला येतंय ऐकू." त्यावर ते आणखी मोठ्यानं हसायचे.

त्यांना टाइप करायचा कंटाळा. व्हॉइस मेसेजचं बटण एकदा वर सरकवलं की बोट धरून बसावं लागत नाही, हात मोकळे राहतात, हे त्यांना कट्ट्यावरच्या कुणीतरी शिकवलं आणि माणूस सुटलाच. हात मोकळे म्हणजे धार काढता काढता बोलता येतं. फोन सदऱ्याच्या खिशात, डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं, आणि गडहिंग्लजच्या लेकीला निरोप चाललाय. बंद करायचं मात्र ते हटकून विसरायचे. त्यामुळं प्रत्येक मेसेजात अख्खी धार भरलेली असायची.

"हां, ऐक. एस्टीतनं खरवस पाठवलाय. डायवरजवळ डबा दिलाय, उतरून घे... हो हो हो... ए, पाय हलवू नको, हाणीन हां... तुला न्हाय गं, हिला... तर काय म्हणत हुतो मी... सोड बाय, सोड... जावयास्नी गोड जास्त लागतंय, वरनं साखर घाल..." आणि मग बराच वेळ नुसती बादलीत पडणारी धार. मी हे दुकानात ऐकायचे तेव्हा गिऱ्हाईकं हसायची. एक मास्तर तर मुद्दाम विचारायचे, आज म्हशीचा निरोप आला नाही का म्हणून.

मग आबांच्या घशात गाठ निघाली. तंबाखूला घालायच्या त्या सगळ्या शिव्या मी घालून झाल्यात, आता पुन्हा घालत नाही. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास घ्यायचा, वर मऊ पांढरं फडकं बांधायचं. जीव वाचला, हे आम्ही एकमेकांना सारखं सांगत राहिलो. ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज भरून ठेवावा असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. रक्त, रजा, डबे, रिक्षा, यात कुणाला सुचणार होतं?

आजारपणात बाकीच्या म्हशी गेल्या. एक तेवढी राहिली, पंढरपुरी, पाठीवर लांबलचक शिंगं टाकून उभी राहणारी. आबा दवाखान्यातून आले आणि दुसऱ्याच दिवशी बादली घेऊन तिच्याजवळ बसले. हात तेच, बसणं तेच. तिनं मान वळवून बघितलं आणि दूध वर चढवलं. आबांनी थोपटलं, टाळ्या वाजवल्या, जिभेनं टकटक केलं. ती आपली रवंथ करत उभी. आई बसली तर लाथ झाडली. कुणीतरी म्हणालं, पान्ह्याची सुई टोचा, लगेच सोडतीय. त्याला आबांनी नुसतं बोट दाखवून दाराबाहेर काढलं.

मी तेव्हा माहेरी आले होते. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मी माझ्या फोनवर त्यांचा एक जुना मेसेज लावला. कुणासाठी नाही, मलाच ऐकावासा वाटला म्हणून. "हो हो हो हो" सुरू झालं आणि म्हशीचे कान उभे राहिले. तिनं मान फिरवून आधी माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. आई ओरडली, "अगं परत लाव, परत लाव!" मी परत लावला. आई बादलीकडं धावली, आणि धार पडायला लागली. आबा हातातला कडबा तसाच धरून उभे. मी रडले. त्यात लाजायचं काय?

तेव्हापासून तेच चाललं होतं. त्यांनी मला पाठवलेले मेसेज त्यांच्याही फोनात होतेच. संध्याकाळी कट्ट्यावर फोन सदऱ्याच्या खिशात, त्यातून आबा बोलतायत आणि खाली बसून आबाच धार काढतायत. नवीन माणूस बावचळून इकडंतिकडं बघायचा. जुन्या गिऱ्हाइकांना सवय झाली.

आणि आता तो फोन भरला होता.

आबांच्या मनानं असं घेतलं होतं की भरलेल्या भांड्यात वरून काही पडलं की आतलं सांडणार. म्हणजे नवा मेसेज आला की जुना आवाज जाणार. म्हणून त्यांनी नेट बंद करून टाकलं. आईनं तरी त्यांना बळंबळं मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात नेलं. तिथला माणूस म्हणाला, "काय काळजी करू नका पावणं, सगळं उडवून टाकतो. नवाकोरा होतोय बघा फोन." आबांनी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि तडक घर गाठलं, एक चप्पल तिथंच राहिली. आई हे फोनवर सांगताना आधी हसली.

"आवाज गेला तर म्हस ठेवून काय करायची?" ती म्हणाली. "वडगावच्या जनावरांच्या बाजारातला एक व्यापारी येऊन शिंगं बघून गेलाय. आणि म्हस गेली तर ह्यांनी सकाळी उठायचं तरी कशाला, सांग."

रविवारी पहिली गाडी पकडली.

पिशवीत दुकानातला पेनड्राइव्ह होता, वायर होती, आणि मेमरी कार्डावर चालणारा एक छोटा स्पीकर. आबा गोठ्यातच बसले होते. फोन मागितला तर आधी देईनात. छातीशी धरून बसले. "आबा, मी उडवणार न्हाय काय. आधी सगळं दुसरीकडं उतरवून घेतो, मग हितलं काढतो. दुधाचं पातेलं घासायच्या आधी दूध दुसऱ्या भांड्यात काढतोय की न्हाय आपण?" हे त्यांना पटलं. फोन हातात दिला, पण शेजारी खेटून बसले.

पहिल्यांदा आवाजाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि नीट उतरल्या का ते मधल्या दोन-तीन लावून बघितल्या. मग जागा कशानं खाल्लीय ते उघडलं. अरे देवा! गुड मॉर्निंगची फुलं, कपातून वाफ निघणारे चहा, पेठेतल्या फुटबॉलच्या मॅचचे व्हिडिओ, तोच एक गोल चार ग्रुपवरून चार वेळा आलेला. कुणाच्या तरी लग्नाची अख्खी वरात. आबांनी चुकून काढलेले स्वतःच्या पायांचे फोटो. "हा सारखा सारखा अंगठा कुणाचा?" मी विचारलं. त्यांनी स्वतःचाच अंगठा वर करून दाखवला आणि खांदे हलवून हसले. हसायचा आवाज येत नाही, फडकं तेवढं हलतं.

एका ठिकाणी मात्र मीही थबकले. त्या मेसेजच्या अ‍ॅपाच्या सेटिंगमध्ये दोन बटणं शेजारी शेजारी होती. एकानं नुसता वरवरचा कचरा जातो, दुसऱ्यानं आतलं सगळं धुऊन निघतं. आबांनी माझं मनगट पकडलं. "कळतंय मला!" मी खेकसले, पण दोन्ही बटणांवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचून काढली. बरोबर बटण दाबलं. एकेक करत व्हिडिओ गेले, फुलं गेली, वरात गेली, शेवटी कचऱ्याचा डबाही रिकामा केला, कारण तो रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही हे पुष्कळांना माहीतच नसतं. लाल अक्षरं गेली. आबांचा आवाज जागच्या जागी होता. मी त्यांच्या मांडीवर थाप मारली आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

मला वाटलं, काम झालं.

आबा उठले. गोठ्याच्या दारावर ते खडूनं लिहितात, त्यांची बोलायची पाटी तीच. लिहिलं, 'फक्त म्हशीचं ठेव.'

"म्हणजे?"

'बाकीचं काढ.'

आईनं उलगडा केला. मागं एकदा कट्ट्यावर चुकून भलताच मेसेज लागला होता. त्यात आबा धार काढता काढता माझ्या आत्याच्या नवऱ्याच्या चिक्कूपणाचा उद्धार करत होते, आणि नेमका तोच समोर ग्लास घेऊन उभा. तेव्हापासून येणं-जाणं बंद. म्हणून आबांना फोनात एकट्या म्हशीसाठीचं हवं होतं, घरचं काही नको.

फाइलींना नावं नसतात, नुसते आकडे. कशात काय आहे ते ऐकल्याशिवाय कळत नाही. मग बसलो ऐकत. आई, मी, आबा आणि म्हैस. आबा हातानं निवाडा करायचे. तळवा खाली टेकवला की ठेव, हवेत झटकला की काढ. काढायच्यांवर मी नुसती खूण करत होते, उडवायचं ते शेवटी एकदम.

खरवसाचा मेसेज आला, ठेव. भाऊबीजेचा आला, ज्यात मी का आले नाही म्हणून मला झाडलंय, काढ. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं त्याचा वृत्तांत, काढ. मध्येच एक बारका आला. त्यात म्हैस नव्हतीच. नुसतं, "पोचलीस काय गं?" आबांनी हात झटकला.

पुढचा लावला. "पोचलीस काय? फोन कर." काढ.

"पाऊस हाय तिकडं? पोचलीस काय?" काढ.

मी माहेराहून निघाले की दर वेळी हा मेसेज यायचा. मला त्याचं काही वाटायचंही नाही. आता एकामागून एक ते ऐकत होते आणि आबा माशी उडवावी तसा हात उडवत होते, आणि पेनड्राइव्हवर ते उतरलेले आहेत हे माहीत असूनही माझं डोकं फिरलं.

"काढ म्हणजे काय? काढ काय? म्हशीचंच तेवढं राखायचं व्हय? मला पाठवलेलं हाय ते, माझं हाय! तुमाला काय अधिकार?"

म्हैस दचकली. आई म्हणाली, "हळू की, गल्ली ऐकतीय."

"ऐकू दे गल्लीला! म्हशीला बाप पायजे, मला नको?"

आबा दारापाशी गेले आणि लिहिलं, 'तुज्या फोनात हायत की.'

"न्हाईत!" मी म्हटलं. गेल्या उन्हाळ्यात माझा जुना फोन, गोठ्यात आवाज लावला होता तोच, एकाएकी बंद पडला होता. नव्यावर सगळं परत आलं, निदान मला तसं वाटलं. मेसेजांची रांग दिसायची, तारखा दिसायच्या, पण आबांच्या आवाजावर बोट ठेवलं की काहीच वाजायचं नाही. खाली ओळ यायची. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चष्मा वर करून त्यांनी ती एकेक अक्षर वाचली, ओठ हलवत. हा संदेश आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

"सांगा म्हणं," मी म्हटलं.

आबांनी त्यांचा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि पाठ करून गव्हाणीच्या कडेवर बसले. "रुसले," आई म्हणाली, "बसू दे. जेवून घे तू." मी जेवले. पेनड्राइव्हवरचे म्हशीचे मेसेज आईला विचारून विचारून स्पीकरच्या कार्डावर घातले, स्पीकर खुंटीला अडकवून लावून बघितला. म्हशीनं कान टवकारले, म्हणजे पास. पेनड्राइव्ह आईच्या डब्यात ठेवला, रागात स्वतःसाठी काही उतरवून घेतलं नाही. निघताना आत डोकावले तर आबा तसेच, मान खाली. "आबा, येतो," म्हटलं. त्यांनी मागं न बघता हात वर केला. मलाही राग होताच. आणि वाईट वाटत होतं, की त्या माणसाचा आवाज राखायला गेले आणि त्याच्याच अंगावर ओरडून आले.

गाडी कागलच्या पुढं गेल्यावर माझा फोन वाजला. मग परत. मग वाजतच राहिला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लग्नबिग्न हाय काय घरात?" बघते तर आबा. पोचलीस काय. भाऊबीज. डोळ्यांचा डॉक्टर. जावयास्नी गोड लागतंय. आत्याच्या नवऱ्याचा उद्धारसुद्धा. ज्यानं सांडेल या भीतीनं नेट बंद करून ठेवलं होतं, त्या माणसानं ते स्वतः चालू केलं होतं आणि एकेक मेसेज मला पुन्हा पाठवत बसला होता. रुसला बिसला काही नव्हता. निपाणीला रेंज गेली की थांबायचं, संकेश्वरच्या अलीकडं परत सुरू. मी कानाला लावून ऐकत होते आणि पदरानं तोंड पुसत होते. बाईंनी खिडकीची जागा मला दिली.

गडहिंग्लजच्या स्टँडवर उतरले तेव्हा शेवटचा आला होता. लांबलचक. त्याच्यावर फॉरवर्डची खूण नव्हती, तारीख आजचीच होती. ऑपरेशन झाल्यापासून आबांनी एकही मेसेज भरला नव्हता. कशाला भरतील?

मी तिथंच उभी राहून तो लावला. कट्ट्यावरचा गलका होता. स्पीकरमधून जुने आबा म्हशीला समजावत होते, "सोड गं माझी बाय, सोड." धार पडत होती, आधी बादलीच्या पत्र्यावर, मग फेसात. कुणीतरी म्हणालं, "आबा, फेसच दिलाय की नुसता." आणि या सगळ्याच्या जवळ, अगदी फोनाला चिकटून, गळ्याच्या भोकातून आत-बाहेर होणारा श्वास. घरघरता, फडक्यामागचा. दुसरं काही नाही. बंद करायचं ते नेहमीसारखेच विसरले होते. मी संपेपर्यंत ऐकला.

ते काय विचारत होते ते मला कळलं. व्हॉइसचं बटण दाबलं आणि म्हटलं, "पोचलो, आबा!" एवढ्या मोठ्यानं, की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.